बाद झालेल्यांची चौकट

आमची आत्या कबड्डीचा सामना भलत्याच जागी बसून बघायची. सगळी गर्दी मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना लोटलेली असे आणि आत्या मात्र शेवटच्या रेषेमागे, बाद झालेल्या मुली जिथे बसतात त्या फक्कीने आखलेल्या चौकटीसमोर, आपली घडीची खुर्ची मांडायची. तिथून चढाई अर्धीमुर्धी दिसते, धूळ मात्र पोटभर मिळते. ज्यांनी कबड्डी लांबूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. खेळाडू बाद झाली की ती मैदानाबाहेर येऊन त्या चौकटीत बसते, आणि तिच्या संघाने समोरचीला बाद केलं की बसलेल्यांपैकी एक जण उठून परत आत जाते. कोणी उठायचं यात मर्जी चालत नाही. जी आधी बाद झाली, ती आधी उठणार. एवढा एक नियम ध्यानात राहिला तरी पुरे, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लाज याच नियमाशी बांधलेली आहे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. तरुणपणी ती एका मोठ्या सरकारी कंपनीच्या महिला संघातून खेळली, त्याच खेळावर तिला तिथे नोकरी मिळाली, आणि गुडघा गेल्यावर ती त्याच ऑफिसात टपालाच्या टेबलावर बसू लागली. ऑफिसने तिच्याकडे आणखी एक काम दिलं होतं. वर्षाच्या शेवटी उपनगरातल्या मंडळांमधून नव्या मुली निवडल्या जायच्या. त्यासाठी चार जण नेमलेले होते, प्रत्येकाला एकेक पट्टा वाटून दिलेला, आणि प्रत्येकाने एकच नाव द्यायचं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा पट्टा आत्याचा. तिने दिलेल्या मुलीला वर्षाचा करार मिळे, तीन वर्षं नीट खेळली की कायमची नोकरी. आमच्या डोंगरावरच्या चाळींत अशी नोकरी लागलेली मुलगी म्हणजे काय, ते आज सांगून पटायचं नाही. तिच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली करायच्या.

बाकीचे तिघे गुण मोजून नावं देत. जिने जास्त गुण आणले, म्हणजे जी चढाईला गेल्यावर पोरं शिट्ट्या वाजवतात, तिचं नाव पुढे. आत्याचा हिशोब निराळा. ती म्हणायची, आज कोण चांगली आहे ते आंधळ्यालाही कळेल, मला तीन वर्षांनी कोण लागणार ते बघायचंय. मग तीन वर्षांनी ऑफिसच्या संघात कुठली जागा रिकामी होईल याचा ती अंदाज बांधायची, आणि तो कसा बांधायची ते ऐकाल तर हसाल. ती लग्नांची खबर ठेवायची. हळदीकुंकवाला, साखरपुड्याला, बारशाला, बोलावणं असो नसो, आत्या हजर. ऑफिसच्या डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीला स्थळं बघायला सुरुवात झाली, मुलगा पुण्याचा आहे, म्हणजे बदली मागणार, म्हणजे डावा कोपरा जाणार. लगेच आत्याचे रविवार मुलुंड-भांडुपच्या मैदानांवर सुरू, डाव्या कोपऱ्याची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शोधायला. हल्ली टीव्हीवर खेळाडूंचे लिलाव चालतात, कोट घातलेली माणसं लॅपटॉप उघडून बसलेली दिसतात. मला दर वेळी वाटतं, यांच्यातल्या एकाला तरी कोणाचा साखरपुडा मोडला ते माहीत असेल का?

आम्ही घाटकोपरला भटवाडीच्या वरच्या अंगाला राहायचो. नव्वद पायऱ्या चढून दोन खोल्या. बाबांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि ते एका कुरिअरच्या ऑफिसात जायचे. घरात आवाजांना तोटा नव्हता. खालच्या मशिदीची अजान, वरच्या बुद्धविहारातली वंदना, शेजारच्या काकूंचा मिक्सर, आणि या सगळ्यांवर आत्याचा आवाज, कारण तिला हळू बोलताच यायचं नाही. रविवारी सामन्यावरून आली की ती मोरीवर पाय धुऊन थेट स्वयंपाकाच्या ओट्याशी बसायची. आई घावणे घालायची आणि आत्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं खोबरं वाटता वाटता दिवसभराच्या मुलींचा पाढा वाचायची. एकदा, मी बारा-तेरा वर्षांची असेन, मी तिला विचारलं की तू सामना सोडून त्या बसलेल्या मुलींकडे काय बघतेस. तिने वरवंटा थांबवला. "खेळताना सगळीच शानी असतत गो," ती म्हणाली. "बाद झालेली काय करता ता बघूचा. आता तिका कोण बघना नाय, टाळये नाय. तेव्हा ती कशी बसता?"

ते मला तेव्हा कळलं नाही, पण त्याची फळं मी डोळ्यांनी पाहिली. भांडुपची एक काडीसारखी मुलगी अख्ख्या दिवसात एक गुण न आणता घरी गेली आणि आत्याने आल्या आल्या आईला सांगितलं, हीच. का, तर चौकटीत बसून तिने बाजूच्या मुलींना दोन्ही संघांचे गुण, किती मिनिटं उरली आणि समोरच्या संघात कोण दमली आहे, हे फळ्याकडे न बघता सांगितलं होतं. तीन वर्षांनी ती मुलगी राज्याकडून खेळली. अशा तीन-चार गोष्टी झाल्यावर मला आत्याची भीती वाटू लागली. भीती म्हणजे वाईट अर्थाने नाही. देवळात गाभाऱ्याच्या अंधाराकडे बघताना वाटते तशी.

मी स्वतः चढाईपटू होते आणि मंडळात माझं बरं नाव होतं. "विजू आली, विजू आली" अशी पोरं ओरडली की माझ्या पायांत वारं शिरायचं. माझी जीवश्च कंठश्च मैत्रीण पौर्णिमा आमच्याच संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायची. ती वरच्या विहाराजवळ राहायची, मूळची माणसं जालन्याकडची, वडील टेम्पो चालवायचे. बोलायला एकदम कमी. आमच्याकडे घावणे खाऊन गेली की दुसऱ्या दिवशी डब्यात बाजरीची भाकरी आणि तिखटजाळ ठेचा घेऊन यायची, आणि मी डोळ्यांतून पाणी काढत तो खायचे तेव्हा खुदकन हसायची. रोज सकाळी सहाला ती खालून हाक मारायची, "विजे, चल ना!" आणि आम्ही धावायला जायचो. आम्ही दोघी त्या वर्षी अठराच्या झालो, म्हणजे ऑफिसच्या करारासाठी नाव जाण्याच्या वयाच्या. नाव एकच जाणार होतं, आणि ते आमच्या घरातून जाणार होतं.

मला ती जागा हवी होती, अगदी जीव जाईपर्यंत हवी होती. आणि माझ्याकडे असं काहीतरी होतं जे पट्ट्यातल्या कुठल्याच मुलीकडे नव्हतं. आत्या काय बघते ते मला ठाऊक होतं. मग मी काय करावं? मी बाद झाल्यावर बसायचा सराव सुरू केला. हसू नका. बाद झाले की मी चौकटीत ताठ बसायचे, टाळ्या वाजवायचे, "चला गं, एकच पकड, एकच!" असं ओरडायचे, शेजारच्या मुलीच्या पाठीवर थाप मारायचे, गुण मोठ्याने मोजायचे. आणि मधूनच डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे, आत्याची खुर्ची तिथे आहे ना. पौर्णिमा बाद झाली की मान खाली घालून बसायची, ओठसुद्धा हलवायची नाही. मला तिची दया यायची. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं.

मोसमाचा शेवटचा सामना कुर्ल्याच्या नेहरूनगरात होता, चेंबूरच्या एका मंडळाविरुद्ध. रविवारची दुपार कलली होती, मैदानावर पाणी मारून माती दाबलेली, वडे तळल्याचा वास, आणि माणसं अशी दाटलेली की मुलं झाडांवर चढून बसली होती. आत्या नेहमीसारखी आमच्या चौकटीसमोर, मांडीवर डबा, नाकावर रुमाल. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा चालला. अगदी थोडा वेळ उरला होता, आम्ही एका गुणाने पुढे होतो, तेव्हा चेंबूरच्या एका उंच मुलीने पौर्णिमाला हात लावला आणि ती बाद होऊन रिकाम्या चौकटीत आली. पाठोपाठ मी चढाईला गेले आणि पकडली गेले. चेंबूर एका गुणाने पुढे. मी येऊन तिच्या शेजारी बसले आणि माझं सुरू झालं, टाळ्या, ओरडणं, "हरायचं नाही गं!" पौर्णिमा मान खाली घालून गप्प. इतक्यात चेंबूरची दुसरी मुलगी आमच्याकडे चढाईला आली आणि आमच्या पोरींनी तिला मधोमध आडवी केली. बरोबरी! अख्खं मैदान उसळलं. एक जण उठणार होती.

आता मी जे लिहिते आहे ते इतक्या वर्षांत कागदावर पहिल्यांदा लिहिते. पाळी पौर्णिमाची होती आणि ते मला माहीत होतं. घाईत झालं, गोंधळ झाला, आवाजात कळलं नाही, असं मी पुढे अनेकांना सांगितलं, पण मला माहीत होतं. आत्या सरळ माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, हीच वेळ. मी उडी मारून उठले आणि रेषा ओलांडून आत गेले. पंचांची शिट्टी वाजली. दुसरी वाजली. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मला बाहेर काढलं आणि नियमाप्रमाणे चेंबूरला एक गुण दिला. पौर्णिमा उठून शांतपणे आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आमची पुढची चढाई रिकामी गेली. चेंबूरच्या त्या उंच मुलीने शेवटच्या चढाईत फक्त वेळ काढला. पौर्णिमाच्या बाजूला तर ती फिरकलीच नाही. आम्ही एका गुणाने हरलो, माझ्या गुणाने.

मंडळाचे सचिव दिनूदादा धावतच आले. एरवी देवमाणूस, पण तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कोणी सांगितलं होतं तुला उठायला? अगं, पहिलीतल्या पोरीला कळतं हे! वाट लावलीस सगळ्या मोसमाची!" सगळा संघ माझ्याकडे बघत होता. आणि पौर्णिमा, जी दिवसभरात दहा वाक्यं बोलायची नाही, ती पुढे होऊन म्हणाली, "दादा, मीच तिला म्हटलं ऊठ म्हणून. माझा पाय मुरगळला होता. मला वाटलं चालतं तसं." दिनूदादा तिच्यावर ओरडले. ती ओरडा खात उभी राहिली. चार पावलांवर आत्या खुर्ची मिटत होती. तिने सगळं ऐकलं, खुर्ची काखेत मारली आणि चालू लागली.

घरी आल्यावर आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला, बरोबर सुकटीची चटणी. मला आवडतं म्हणून मुद्दाम. जेवता जेवता आत्याने सहज विचारावं तसं विचारलं, "पौर्णिमाचो पाय खराच मुरगळलो?" आणि पुढे म्हणाली, "तसा असात तर तिचा नाव देवक येवचा नाय. ऑफिसचो डॉक्टर आधी पायच बघता." घास माझ्या हातात राहिला. तोपर्यंत माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पौर्णिमाने मला वाचवायला जे खोटं सांगितलं, त्याने तिचीच जागा जात होती आणि ती माझ्या ताटात येऊन पडत होती. मला फक्त मान हलवायची होती. मी मान हलवली. वर आणखी म्हटलं, "हो. जरा सुजलाय पण." आई म्हणाली, "वन्सं, घरचं पोर आहे हो. आता तरी विचार करा." आत्या म्हणाली, "पिठी बरी झाली हा," आणि हात धुवायला उठली.

सकाळी सहाला खालून हाक आली, "विजे, चल ना!" मी पांघरूण डोक्यावर ओढलं. थोड्या वेळाने पौर्णिमा स्वतःच पायऱ्या चढून दारात आली, आणि आली ती लंगडत. डावा पाय ओढत, भिंतीला धरून. दाराशी चहा पीत बसलेल्या आत्याला दिसावं म्हणून. मला बघून म्हणाली, "आज धावायला नको गं, पाय दुखतोय." आईने तिच्या हातात गरम घावणा दिला. तो तिने उभ्या उभ्या खाल्ला, "जाते मावशी" म्हणाली आणि परत निघाली. पायऱ्यांपर्यंत लंगडत गेली. या वेळी उजवा पाय ओढत.

मी बघितलं. आत्यानेही बघितलं, पण तिने चहाचा घोट घेतला आणि ट्रंकेवर ऑफिसचा फॉर्म पसरला. तो दर वर्षी मीच भरायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. "लिव," तिने पेन पुढे केलं. मी विचारलं, "कोणाचं नाव?" ती म्हणाली, "पायाचा काय ता खरा सांग. मगे लिव." मी म्हटलं, "नाही मुरगळला. तिने काहीच सांगितलं नव्हतं मला. माझी पाळी नव्हती, मला माहीत होतं आत्या, तरी मी उठले." आणि रडू लागले, नाक वाहीपर्यंत, अठरा वर्षांची घोडी.

आत्याने मला रडू दिलं. मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलली. "माका ठावक होता. तिचे पाय मी बघी होतंय. मान खाली घालून बसली होती ना ती? ती पाय बघी होती, समोरच्या चढाईवालीचे. ती डावीकडे सरकली की हिची डावी बोटा मातीत रुतत. ती मागे झाली की हिच्यो टाचो उचलत. बसल्या जाग्यार खेळी होती ती, अख्खो वेळ. मुरगळललो पाय असो चलता?" मी विचारलं, "आणि मी?" आत्या म्हणाली, "तू माझ्याकडे बघी होतंस गो. सामनो थंय मैदानार चललेलो."

मी फॉर्म ओढला आणि पौर्णिमाचं नाव लिहिलं, मोठ्या स्वच्छ अक्षरात. आईने ओट्यावर तवा आदळला. आत्याने सही केली, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवताना माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला. तो हात जड होता आणि त्याला खोबऱ्याचा वास येत होता.

पुढच्या वर्षी माझं नाव जाईल अशी आशा होती, पण ऑफिसच्या ज्या चढाईपटूचं लग्न ठरलं होतं तिचं ते मोडलं आणि जागा रिकामी झालीच नाही. मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले, आणि चांगली झाले असं माझ्या मुली म्हणतात. पौर्णिमा त्या संघाकडून बारा वर्षं खेळली, कर्णधार झाली, आता तिथेच प्रशिक्षक आहे. एकदा मी धीर करून तिला विचारलं की त्या दिवशी तू खोटं का बोललीस, तुझी जागा जाईल हे कळत नव्हतं का. ती म्हणाली, "तुझं तोंड बघवेना यार. जागेचं डोक्यातच नाही आलं." मोसम संपला की तिचा फोन येतो, "विजे, नाव?" आणि मी एक नाव देते. त्यासाठी वर्षभर रविवारी मी घडीची खुर्ची घेऊन फिरते. कुठे मांडते ते सांगायला नको.

आमच्या पायऱ्यांच्या जागी आता टॉवर आहे आणि त्यात अकराव्या मजल्यावर आत्या पलंगावर असते. ती फारसं बोलत नाही, माणसं ओळखते असंही नेहमी म्हणता येत नाही, मला कधी कधी पौर्णिमा म्हणते. संध्याकाळी तिला कबड्डी लावून देतो. तेव्हा मी टीव्हीकडे पाठ करून पलंगाच्या पायथ्याशी बसते. चादरीखाली तिचा डावा पाय हलतो, थांबतो, मग उजव्याची बोटं वळतात, टाचा किंचित उचलतात. चढाई कुठल्या बाजूला चालली आहे ते मला मागे वळून न बघता कळतं.